डिफेंडरला स्टिअरिंग गार्ड : ४ मिमी स्टील की ६ मिमी ॲल्युमिनियम?

रानवाट :
मंडळी, गाडी जुनी लँड रोव्हर डिफेंडर ९०. २०१६ ला उत्पादन थांबलं त्या पिढीतली, पुढे-मागे सॉलिड ॲक्सल (डाव्या-उजव्या चाकाला जोडणारा एकसंध कणा). सस्पेन्शन ५० मिमी उचललंय, खाली मात्र एकही प्लेट नाही.

गेल्या महिन्यात ओढ्यातून जाताना एका दगडावर अडकलो. थोडं मागे, थोडं पुढे करताना खालून ठण्ण आवाज आला. गाडी निघाली, स्टिअरिंग सरळ होतं, म्हणून विसरूनही गेलो. आता डांबरी रस्त्यावर गाडी सरळ न जाता इकडेतिकडे पळते, आणि पुढच्या दोन्ही टायरांच्या आतल्या कडेवरून हात फिरवला तर कानशीवरून फिरवल्यासारखं लागतं.

तर आता स्टिअरिंगचे दांडे झाकणारी प्लेट, म्हणजे गार्ड, घ्यायचंच. ४ मिमी स्टील घेऊ की ६ मिमी ॲल्युमिनियम? बघितली त्यातली सगळी पुढून, चेसिसला बसणारी आहेत. कुणी वापरलंय का?

पानाबारा :
थांबा. प्लेटचं नंतर बघू, आधी गाडीखाली झोपा.

स्टिअरिंग सरळ आणि टायर आतून खातोय, हे टाय रॉडचं लक्षण आहे. डिफेंडरला आडवे दांडे दोन. स्टिअरिंग बॉक्सकडून येणारी ड्रॅग लिंक ॲक्सलच्या पुढे, आणि दोन चाकांना जोडणारा टाय रॉड ॲक्सलच्या मागे. ड्रॅग लिंक वाकली तर मुख्यतः स्टिअरिंग व्हील वाकडं बसतं, चाकं एकमेकांशी समांतरच राहतात. टाय रॉड वाकला की तो आखूड होतो, दोन्ही चाकांच्या मागच्या कडा आत ओढल्या जातात, पुढच्या बाहेर फाकतात. मग आतली कड घासणारच.

चाकं सरळ ठेवा. पुढच्या दोन्ही टायरांवर मागच्या बाजूने, रुंदीच्या मधोमध, ॲक्सलच्या उंचीवर खडूने खूण करा. मागच्या बाजूचं अंतर टेपने मोजा, गाडी अर्धा फेरा ढकला म्हणजे त्याच खुणा पुढे येतील, पुन्हा मोजा. आणि रॉडचा बाक कुठल्या दिशेला आहे तेही सांगा.

रानवाट :
मोजलं. पुढे ९ मिमी जास्त. रॉड उजव्या चाकाच्या जवळ वाकलाय, बाक पुढच्या बाजूला, म्हणजे ॲक्सलकडे.

पानाबारा :
म्हणजे दगड मागून लागलाय. तुम्ही अडकल्यावर रिव्हर्स घेतली ना, तेव्हा. तो ठण्ण तोच.

आता मला सांगा, पुढून बसणाऱ्या गार्डने हा मार कसा अडवला असता?

रानवाट :
😐

लोरेंज ताई :
बिचाऱ्याला फार छळू नका. गार्ड हवंच आहे, कारण आज टाय रॉड गेला, उद्या पुढच्या दगडावर ड्रॅग लिंक आणि डॅम्पर (स्टिअरिंगला बसणारे हिसके शोषणारी नळी) जाईल. फक्त गार्ड कशाला आणि रॉड कशाला हे वेगळं ठेवा.

रानवाट, स्टील की ॲल्युमिनियम यात लोक उगाच रात्री जागतात. ६०० × ४०० मिमीची प्लेट धरा. ४ मिमी स्टीलची साधारण साडेसात किलो भरते, ६ मिमी ॲल्युमिनियमची चार किलोच्या आत. आणि प्लेटचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो म्हणून ६ मिमी ॲल्युमिनियम न वाकण्यात ४ मिमी स्टीलपेक्षा किंचित सरसच आहे. म्हणजे कागदावर ॲल्युमिनियम जिंकलं. पण दगडावर गोष्ट वेगळी. ॲल्युमिनियम मऊ, दगडाचं टोक त्यात रुततं आणि गाडी घसरण्याऐवजी धरली जाते. स्टील घासत, किंचाळत का होईना पण सरकतं. शिवाय वाकलं तर घणाने सरळ करता येतं आणि साध्या आर्क वेल्डिंगने सांधता येतं. तुमच्या गाडीखाली खडक जास्त असेल तर स्टील. वाळू, चिखल, लांबचे प्रवास असतील तर ॲल्युमिनियम चालेल, मात्र जिथे स्टीलचा बोल्ट त्याला टेकतो तिथे ग्रीस किंवा नायलॉन वॉशर घाला, नाहीतर दोन धातूंच्या संगतीत ॲल्युमिनियम पांढरं पडून खाल्लं जातं.

आता तुम्ही विचारलंच नाही, पण खरा प्रश्न हा आहे. तुमची गाडी ५० मिमी उचललेली आहे. चेसिसला बसणारं गार्ड चेसिसबरोबर वर गेलं, दांडे ॲक्सलबरोबर खालीच राहिले. मूळ उंचीसाठी बनवलेलं गार्ड ज्या ड्रॅग लिंकला झाकत होतं, ती आता त्याच्या खालच्या कडेखाली डोकावेल. मी स्वतः यात फसलेय. मेकरचं नाव सांगत नाही, पण "सगळ्या मॉडेलना बसतं" म्हणून घेतलं, बसलंही छान, आणि समोर गुडघ्यावर बसून पाहिलं तर लिंक अर्धी बाहेर. चार महिने मी एका सुंदर काळ्या प्लेटला संरक्षण देत फिरत होते.

त्यामुळे आधी पुठ्ठ्याचा साचा कापून बांधा. मग चेसिस जॅकने इतकी उचला की चाकं लोंबकळली पाहिजेत, आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. दांडे सगळ्यात खाली येतात तेव्हा पुठ्ठ्याला टेकता कामा नयेत. नंतर गाडी जमिनीवर ठेवून समोरून बघा, लिंक दिसता कामा नये. या दोन्हीत बसेल तेच गार्ड घ्या, मग धातू कुठलाही असो.

घणाघाती :
माझं मत उलटं आहे. गार्ड नकोच. जाड रॉड टाका, विषय संपला. गार्डमध्ये चिखल साठतो, डॅम्परचा बुश बघायला दर वेळी चार बोल्ट काढावे लागतात, आणि प्लेट आहे म्हटल्यावर माणूस वाट्टेल तिथे गाडी घालतो. ती नसताना मी दगड बघून चाक त्याच्यावर ठेवायला शिकलो.

पानाबारा :
चाक दगडावर ठेवणं शंभर टक्के मान्य, दगड दोन चाकांच्या मध्ये घेण्याची खोड बऱ्याच रॉडांचा जीव घेते. जाड रॉडही मान्य, रानवाटना तोच घ्या म्हणणार होतो. पण तोही अति भक्कम नको. रॉड वाकलाच नाही तर मार पुढे रॉडच्या टोकाच्या बॉल जॉइंटवर आणि चाक वळवणाऱ्या स्टिअरिंग आर्मवर जातो. वाकलेला रॉड रानात काढून, दोन दगडांमध्ये धरून हातोड्याने घरी पोचण्याइतका सरळ करता येतो. बॉल जॉइंट निखळला तर दोन चाकं दोन दिशांना, आणि गाडी तिथेच.

सायलेंट मोड :
जीप रँग्लरवाल्यांनी हा धागा वाचून गोंधळू नये. तिथे टाय रॉडसुद्धा ॲक्सलच्या पुढे आहे, त्यामुळे पुढचं गार्ड दोन्हीला उपयोगी. इंडिपेंडंट सस्पेन्शन (प्रत्येक चाक स्वतंत्र हलणारं) आणि स्टिअरिंग बॉक्सऐवजी दातेरी रॅक असलेल्या गाड्यांचं तर वेगळंच. तिथे रॅकचे रबरी बूट फाटू नयेत यासाठी प्लेट लागते.

रानवाट :
सगळ्यांचे आभार. ठरलं : जाड टाय रॉड, आणि पुढे ४ मिमी स्टील, पण पुठ्ठ्याची परीक्षा पास झालेलं. बसवताना काही पथ्य? एक जण चेसिसला वेल्डच करून टाका म्हणतोय.

लोरेंज ताई :
वेल्ड अजिबात नको. उष्णतेने चेसिसच्या आतलं गंजरोधक जळतं आणि ही चेसिस आतून गंजण्यासाठी आधीच प्रसिद्ध आहे. बंपरच्या मूळ बोल्टांवर बसणारं घ्या. नवं भोक पाडावंच लागलं तर चेसिसच्या पोकळ पेटीत आतून, बोल्टभोवती नळीचा तुकडा घाला, नाहीतर बोल्ट आवळताना पेटीच दबते.

बोल्ट ८.८ ताकदीच्या ग्रेडचे, नट नायलॉक (आत नायलॉनचं कडं असलेले). प्लेटच्या खाली डोकं बाहेर येणारे बोल्ट नकोत, दोन वेळा घासले की त्यावर पानाच बसत नाही. पुढची कड वर वळवलेली हवी, सरळ कापलेली कड नांगरासारखी मातीत घुसते. आणि भोकं बघा : चिखल पडायला एक-दोन मोठी, ग्रीस गन जाईल एवढी एक.

घणाघाती :
ग्रीस गनच्या भोकावर तरी आपलं एकमत झालं.

रानवाट (दोन महिन्यांनी) :
धागा वर काढतोय. पहिली दोन गार्डं पुठ्ठ्यातच नापास झाली, एकात तर स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवल्यावर लिंकचं टोक कडेला घासत होतं. तिसरं बसलं. अलाइनमेंट मॅन्युअलच्या मापात आलंय.

परवा पुन्हा त्याच ओढ्यात गेलो. प्लेटवर मधोमध वीतभर लांब चकचकीत ओरखडा आहे, लिंक आणि डॅम्पर जसेच्या तसे. घरी येऊन आवळायला घेतलं तर डावीकडचा मागचा नट ढिला झाला होता, त्यामुळे पहिल्या फेरीनंतर पाना लावायचाच, हे नव्यांसाठी लिहून ठेवतो. चिखल निघाला सुकलेल्या विटेसारखा. घणाघाती, तेवढं तुमचं खरं.

जुना रॉड ठोकून जमेल तेवढा सरळ केलाय आणि अडीअडचणीला जादा म्हणून छतावरच्या रॅकला बांधलाय. बायको विचारते, भाला घेऊन कुठे निघालात.