बेथेल परिवार ग्रुप: शेरनचा बाप्तिस्मा

सुधाकर काका: सर्वांना सलाम. आज उपासना सुटल्यावर चर्चच्या दारात दोघांनी मला गाठलं. "काय मास्तर, पुतणीला परत पाण्यात घालणार म्हणे?" घरातली बातमी मला गेटवर कळते. ठीक आहे. माझं म्हणणं एवढंच. इफिस ४:५. एकच प्रभू, एकच विश्वास, एकच बाप्तिस्मा.

बॉबी: काका, पाळकसाहेबांची बदलीपण आपल्याला गेटवरच कळली होती 😄

रूथ आत्या: बॉबी, गप. विनय, खरं आहे का हे?

विनय: हो ताई, शेरन पुन्हा बाप्तिस्मा घेतेय. पुढच्या रविवारी दुपारी. तिच्या फेलोशिपची मंडळी मुळशीकडे एका फार्महाउसवर जमतात. मी सांगणारच होतो.

सुधाकर काका: कधी? पाण्यातून वर आल्यावर?

ग्रेस काकू: अहो, बीपीची गोळी घ्या आधी. मग टाइप करा.

बॉबी: काकू, काका शेजारच्याच खोलीत आहेत ना?

ग्रेस काकू: हाक मारली तर ऐकत नाहीत. मोबाइल वाचतात.

शेरन: काका, सलाम. पप्पांना मीच थांबवलं होतं. मला नगरला येऊन तुमच्यासमोर बसून सांगायचं होतं. लहानपणी जे झालं ते आई-पप्पांच्या आणि अण्णा आजोबांच्या विश्वासाने झालं, त्याबद्दल मी देवाचे आभारच मानते. पण प्रेषितांच्या कृत्यांत मला आधी विश्वास आणि मग पाणी असा क्रम दिसतो. अध्याय ८ मधला तो रथातला हबशी अधिकारी बघा. शास्त्र समजलं, विश्वास ठेवला, मग रथ थांबवून पाण्यात उतरला.

सुधाकर काका: आणि फिलिप्पैचा तुरुंगाधिकारी? अध्याय १६, वचन ३३. त्याचा आणि त्याच्या घरच्या सगळ्यांचा त्याच रात्री. घरात लेकरं नसतील?

शेरन: पुढचं ३४ वाचा ना काका. सगळं घर आनंदित झालं. तान्ह्या बाळाला कशाचा आनंद होणार?

बॉबी: दुधाचा.

मिलिंद (जावई): नमस्कार मंडळी. मधे बोलतो, माफ करा. मी साताऱ्याचा वारकरी माणूस, मला यातलं फारसं कळत नाही. शेरनच्या फेलोशिपचं आणि तुमच्या चर्चचं नक्की वेगळं काय आहे? देव तोच, पुस्तक तेच. मग?

रूथ आत्या: मिलिंदराव, तुम्ही यात नका पडू. जेवलात का?

मिलिंद (जावई): जेवलो आई. उत्सुकता आहे म्हणून विचारलं.

शेरन: भावोजी, चांगलं विचारलंत. आमची फेलोशिप इव्हँजेलिकल. असं म्हणवणारे लोक चार गोष्टी धरून असतात. डेव्हिड बेबिंग्टन नावाच्या ब्रिटिश इतिहासकाराने १९८९ मध्ये ही चौकट मांडली आणि ती बहुतेक सगळे वापरतात. पहिली, पवित्र शास्त्राचा शब्द शेवटचा, परंपरा त्याच्या खाली. दुसरी, वधस्तंभ. ख्रिस्त आपल्या पापासाठी, आपल्या जागी मेला. तिसरी, नवा जन्म. ख्रिस्ती घरात जन्मलो म्हणून कोणी ख्रिस्ती होत नाही, ज्याचं त्याने पश्चात्ताप करून प्रभूकडे वळायचं. निकदेमाला येशूने तेच सांगितलं, योहान ३. चौथी, हे स्वतःपाशी ठेवायचं नाही. सुवार्ता सांगायची, सेवा करायची.

सुधाकर काका: यातलं कोणतं आपल्या चर्चमध्ये नाही ते सांग. दर रविवारी उभं राहून विश्वासाचा अंगीकार म्हणतो तो काय आहे? वधस्तंभ तुमच्या फेलोशिपने शोधला का?

मिलिंद (जावई): आणि चांगली कामं? माणूस आयुष्यभर प्रामाणिक राहिला, कुणाचं वाईट केलं नाही, तरी त्याचं काही नाही?

शेरन: कामं तारणाचं, म्हणजे पापातून सुटकेचं, फळ आहेत, किंमत नाहीत. इफिस २:८-९. तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे. कमावता येत नाही, म्हणून कुणाला बढाई मारता येत नाही.

मिलिंद (जावई): कृपेचं आमच्याकडेही आहे हो. तुकोबा दुसरं काय मागतात?

विनय: मिलिंदराव, कवी रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणायचे की ते तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले.

सुधाकर काका: विषयावर या. इफिस ४:५.

आशिष (डॅलस): गुड मॉर्निंग, आत्ता उठतोय. इकडे ऑफिसात इव्हँजेलिकल म्हटलं की समोरचा आधी तुम्ही मत कुणाला दिलं असेल याचा अंदाज बांधतो. वधस्तंभ राहतो बाजूला. पण काका, एक बघा. १९४२ मध्ये इथे इव्हँजेलिकल चर्चेसची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिच्या विश्वासवचनात सात कलमं आहेत. शास्त्र, त्रैक्य, ख्रिस्ताचं देवत्व, कुमारीपासून जन्म, रक्त, पुनरुत्थान, दुसरं येणं, नवा जन्म, सगळं आहे. बाप्तिस्म्याबद्दल अवाक्षर नाही. मुद्दाम. कारण त्यावर त्यांचं आपसात कधीच जमलं नाही.

बॉबी: म्हणजे अमेरिकेतपण गेटवर भांडणं.

आशिष (डॅलस): आणि १९७४ ची स्वित्झर्लंडमधल्या लोझानची इव्हँजेलिकल परिषद. बोलावणारे बिली ग्रॅहम, बॅप्टिस्ट, म्हणजे विश्वास ठेवल्यावरच बाप्तिस्मा देणारे. करारनाम्याचा मसुदा करणाऱ्यांत मुख्य जॉन स्टॉट, अँग्लिकन, म्हणजे लेकरांना बाप्तिस्मा देणाऱ्या चर्चचे पाळक. दीडशे देशांतून लोक आले होते. एकाने दुसऱ्याला म्हटलं नाही की आधी पुन्हा पाण्यात जा, मग सही कर.

सुधाकर काका: आशिष, शाबास. इफिस ४:५.

आशिष (डॅलस): काका, मी तुमची बाजू घेतलेली नाही.

रूथ आत्या: मला एकच विचारायचंय. लेकराच्या बाप्तिस्म्याला काही अर्थ नाही, नवा जन्म तेवढा खरा, असं असेल तर अण्णांचं काय?

रूथ आत्या: अण्णांचाही बाप्तिस्मा तान्हेपणीच झाला होता. नंतर कोणत्या तळ्यात उतरले नाहीत. चाळीस खेड्यांत सायकलवर फिरून भजनं शिकवली. ते कुठे आहेत आता? सांग.

*शेरन यांनी हा मेसेज डिलीट केला*

बॉबी: हे वाचलं मी. चांगलं लिहिलं होतंस, डिलीट का केलंस?

विनय: ताई, तिने अण्णांबद्दल कधी असं म्हटलेलं नाही. लेकरू आहे ते.

रूथ आत्या: लेकरू आहे तर बाप्तिस्मा कशाला घेतेय 😊

शेरन: आत्या, अण्णा प्रभूजवळ आहेत याबद्दल मला तुमच्याइतकीच खात्री आहे. वधस्तंभावरच्या चोराला कुठे पाणी मिळालं होतं? "आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील" असं त्याला सांगितलं. बाप्तिस्म्याने तारण होत नाही हेच तर आमचं म्हणणं आहे.

सुधाकर काका: होत नाही ना? मग दुसऱ्यांदा कशाला? बोल.

शेरन: आज्ञा आहे म्हणून. आणि माझ्या तोंडाने साक्ष द्यायची आहे म्हणून. पहिल्या वेळी माझ्या वतीने तुम्ही बोललात.

सुधाकर काका: तू बारा वर्षांची असताना दृढीकरण झालं. बिशपसाहेबांनी डोक्यावर हात ठेवला. प्रश्न विचारले, तू उत्तरं दिलीस. ती कोणाच्या तोंडाने?

शेरन: पाठ केलेली होती काका. खरं सांगते. तेव्हा माझं लक्ष नव्या सँडलकडे होतं.

ग्रेस काकू: ती सँडल मी आणली होती. कापड बाजारातून.

सुधाकर काका: जॉन वेस्ली. तान्हेपणी बाप्तिस्मा, पुढे पाळक. २४ मे १७३८ रोजी लंडनमध्ये हृदय पेटलं. त्यानंतर पन्नासहून जास्त वर्षं घोड्यावरून सुवार्ता सांगत हिंडला. इव्हँजेलिकल म्हणून त्याच्याहून मोठा कोण? परत बाप्तिस्मा घेतला का? नाही.

शेरन: विल्यम कॅरी. तान्हेपणी चर्च ऑफ इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा. १७८३ मध्ये नॉर्थॅम्प्टनला नेन नदीत पुन्हा. आणि मराठीत नवा करार पहिल्यांदा छापला तो त्याच्याच बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्याने, १८११ मध्ये. त्याचा बाप्तिस्मा चुकला म्हणून आपण ते शास्त्र परत केलं का?

बॉबी: १-१. हाफ टाइम.

शेरन: अजून एक. आपल्या नगरच्या मिशनचीच गोष्ट. फेब्रुवारी १८१२ मध्ये अमेरिकेतल्या सेलेमला पाच तरुणांची मिशनरी म्हणून दीक्षा झाली. त्यातले हॉल आणि नॉट १८१३ मध्ये मुंबईला उतरले, तिथून अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं आणि पुढे नगरला आलं. त्याच पाचातला जडसन हिंदुस्थानला येताना जहाजावर बाप्तिस्म्याचा अभ्यास करत बसला आणि कलकत्त्यात उतरल्यावर बॅप्टिस्ट झाला. पाठोपाठ पाचातला राइसही. म्हणजे काका, हे भांडण आपल्या चर्चच्या जन्माआधीपासूनचं आहे.

सुधाकर काका: आणि म्हणूनच २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा चर्चेस एकत्र आली. त्यात बॅप्टिस्टही होते. त्यातून झालेल्या आपल्या सी.एन.आय.ला, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाला, दोन्ही रीती मान्य आहेत. लेकराचा घ्या, नाहीतर मोठेपणी घ्या. एक निवडा. दोन्ही नाही. इफिस ४:५.

विनय: दादा, मी तिला पंडिता रमाबाईंचं सांगितलं होतं. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडला झाला, मोठेपणी, समजून-उमजून. तरी त्यांनीच पुढे लिहून ठेवलं की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो काही वर्षांनी मिळाला. म्हणजे पाणी आधी की नंतर, यावर सगळं अवलंबून नाही. तिला पटलं नाही. मीही फार ताणलं नाही.

रूथ आत्या: तू कधीच ताणत नाहीस. बाजाच्या पेटीच्या वेळीही ताणलं नाहीस.

ग्रेस काकू: पेटीचा इथे काय संबंध?

रूथ आत्या: अण्णांची पेटी सगळ्यांची होती. बेथेलमधून नगरच्या घरी कशी गेली, कुणाला विचारलं? सहज म्हटलं.

ग्रेस काकू: अण्णा आजारी असताना रात्री कोण उठायचं तेही सहज विचार.

मिलिंद (जावई): 🙏 आई, ते फार्महाउसचं लोकेशन आहे का कुणाकडे?

आशिष (डॅलस): शेरन, एक मात्र ऐक. फोटो फेसबुकवर टाकू नका. व्हिडिओपण नको. कोण कुठली क्लिप उचलून काय म्हणून फिरवेल सांगता येत नाही. ती फेलोशिप रजिस्टर आहे का?

शेरन: ट्रस्ट आहे. घेणारे सगळे ख्रिस्ती घरातलेच आहेत, सहा जण.

सुधाकर काका: म्हणजे सहा घरं फोडली.

विनय: दादा, हे जरा जास्त झालं.

सुधाकर काका: सॉरी. शब्द मागे घेतो. मुद्दा नाही.

🎤 आजी: व्हॉइस मेसेज, ३:४०

ग्रेस काकू: ह्यांना ऐकू येत नाही नीट. कोणीतरी लिहून टाका.

बॉबी: मी लिहितो. आजी म्हणते: "शेरनचा बाप्तिस्मा जानेवारीत झाला. कडाक्याची थंडी. अण्णा घरून तांब्यात कोमट पाणी घेऊन गेले, वर स्वेटर गुंडाळला होता. पाळक हसले, म्हणाले मास्तर, चहा करायचाय का? अण्णा म्हणाले, लेकराला प्रभूची ओळख रडून नको व्हायला. तरी ती रडलीच." इथे आजी खूप वेळ हसते. मग म्हणते: "त्या पोरीच्या फेलोशिपचा एक मुलगा घरी आला होता. मला विचारतो, आजी, तुमचं तारण कधी झालं, तारीख सांगा. मी म्हटलं बाबा, माझ्या जन्माची तारीख शाळेच्या मास्तरने अंदाजे लिहिली, ही कुठून सांगू? अण्णा मात्र रोज रात्री दिवा मालवताना विचारायचे, बाई, प्रभूशी हिशेब नीट आहे का? एवढंच आमचं. सुधाकर, तू रागावू नको. शेरन, तूही काकाला वचनं मारू नको, त्याने तुला संडे स्कूलमध्ये ती शिकवली. मी रविवारी जाणार आहे. मला खुर्ची लागेल, आणि तिथे संडास कसला आहे ते विचारून ठेवा. पेटी घेऊन या. तिथली पोरं गिटार वाजवतात, मला त्यावर टिळकांचं भजन म्हणता येत नाही."

शेरन: आजी ❤️ कमोड आहे. मी विचारलंय.

शेरन: आणि तारीख विचारणाऱ्याला मी बोलते. असं सगळेच विचारत नाहीत.

सुधाकर काका: आईला मुळशीचा रस्ता बसने झेपणार नाही. गाडी मी आणतो. मी पाण्याजवळ येणार नाही, हे आत्ताच सांगतो. आईसोबत बसेन.

बॉबी: काका, आजीची खुर्ची पाण्याजवळच ठेवणार आहेत.

सुधाकर काका: ते तिथे गेल्यावर बघू.

विनय: थँक्यू दादा. जेवणाला साधारण पन्नास माणसं धरली आहेत. आपल्याकडून किती ते बुधवारपर्यंत कळवा.

मिलिंद (जावई): आम्ही दोघं. मी एकादशी धरतो, रविवारी नाहीये ना?

बॉबी: नाही, बघितलं. मटण खा.

रूथ आत्या: आई म्हणाली पेटी आणा. ग्रेस, डिकीत नीट ठेव, खाली गोधडी घाल.

ग्रेस काकू: पेटी वाजत नाही.

रूथ आत्या: म्हणजे?

ग्रेस काकू: भाता उंदरांनी खाल्ला. मागच्या पावसाळ्यातच. ह्यांनाही माहीत नाही.

सुधाकर काका: काय??

रूथ आत्या: आणि हे तू आत्ता ग्रुपवर सांगतेस?