हार्डवेअर रेड की सॉफ्टवेअर रेड: वाद बॅटरीपाशी अडला

टर्मिनलवासी:
'ज्याला डेटा प्रिय आहे त्याने हार्डवेअर रेडच घ्यावे, सॉफ्टवेअर रेड ही हौशी मंडळींची करमणूक आहे,' हे रॅकरक्षक यांचे विधान वाचून राहवले नाही. रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून, एखादी मेली तरी डेटा वाचावा अशी केलेली रचना; हार्डवेअर रेडमध्ये हे काम वेगळे कंट्रोलर कार्ड करते, सॉफ्टवेअर रेडमध्ये खुद्द ऑपरेटिंग सिस्टिम. आमच्या कार्यालयातले कंट्रोलर कार्ड जळाले तेव्हा सगळ्या डिस्क ठणठणीत होत्या. परंतु त्या मालिकेचे उत्पादन थांबलेले असल्यामुळे जुन्या बाजारातून जुळणारे कार्ड मिळेपर्यंत एक अक्षरही वाचता आले नाही. एमडीएडीएम या लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडच्या साधनाने बांधलेला अ‍ॅरे (डिस्कचा संच) दुसऱ्या कोणत्याही लिनक्स यंत्रावर उभा राहतो.

रॅकरक्षक:
सुटे कार्ड ठेवले नाही, हा दोष नियोजनाचा आहे. त्याच कुळातले कार्ड डिस्कवरची माहिती वाचून अ‍ॅरे उचलते. आता विजेचे बोला. रेड ५ मध्ये डेटा लिहिला गेला आणि पॅरिटी (मेलेल्या डिस्कवरचा डेटा परत काढण्यासाठीची हिशेबाची नोंद) लिहिण्याआधी वीज गेली, तर पुढे एखादी डिस्क मेल्यावर चुकीचा डेटा निमूटपणे तयार होतो. कार्डावरची बॅटरी अर्धवट राहिलेले लेखन कार्डाच्या मेमरीत जिवंत ठेवून नेमके हेच टाळते.

टर्मिनलवासी:
बॅटरीचे कौतुक पुरे! ती थकली की कार्ड राइट-बॅक (आधी कार्डाच्या मेमरीत, मग सवडीने डिस्कवर लिहिणे) सोडून राइट-थ्रूवर (दर वेळी डिस्कवर लिहून होईपर्यंत थांबणे) जाते, आणि सर्व्हर का रखडतो हे शोधण्यात आमचे दिवस जातात. झेडएफएस या स्वतःच रेड सांभाळणाऱ्या फाइल सिस्टिममध्ये जुन्या ब्लॉकवर लिहिलेच जात नसल्याने ही फटच उरत नाही, आणि एमडीलाही (एमडीएडीएममागचा लिनक्सचा रेड) २०१६ च्या लिनक्स ४.४ पासून जर्नलची (लेखन आधी वेगळ्या डिस्कवर नोंदवण्याची) सोय आहे.

रॅकरक्षक:
आपण कोणत्या काळात वावरता? नव्या कार्डांत बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर आणि वीज गेल्यावर मेमरीतला डेटा उतरवून घेणारे फ्लॅश असते. शिवाय ते जर्नल ज्या एसएसडीवर ठेवाल तीच गेली, तर अ‍ॅरे रीड-ओन्ली होतो, याचा उल्लेख आपण सोयीस्करपणे टाळलात.

रात्रपाळी:
बॅटरीवरून इतके तापण्याचे कारण समजले नाही. आमच्याकडे रात्री डिस्क बदलतो तो सुरक्षारक्षक. दिवा लाल झालेली डिस्क काढून नवी बसवायची, इतकेच त्याला ठाऊक आहे. एमडीवर हेच काम करताना एका अभियंत्याने सिरियल क्रमांक न पडताळता रेड ५ मधली चांगली डिस्क उपसली होती. आणि ईएसएक्सआय या आभासी यंत्रे चालवणाऱ्या व्हीएमवेअरच्या प्रणालीवर तर एमडीसारखी अंगभूत सोयच नाही, तिथे वाद कसला?

टर्मिनलवासी:
सुरक्षारक्षकाचा मुद्दा नाइलाजाने मान्य आहे, जरी एलईडी लावण्याची सोय लिनक्सवरही असली तरी.

रॅकरक्षक:
झेडएफएस वापरणाऱ्यांनी साधे एचबीए (रेड न करता डिस्क नुसत्या जोडून देणारे कार्ड) घ्यावे, इतके मीही मान्य करतो. जर्नलविना एमडी रेड ५ चालवणाऱ्यांना मात्र माझ्या शुभेच्छा.

टर्मिनलवासी:
शुभेच्छा पोहोचल्या. सुट्या कार्डाचा खर्च मंजूर करणारे मालक कुठे मिळतात, तेवढे कळवावे.