शब्दचर्चा: वस्तू 'कशी वाटते' ते खुणांनी लिहायचे, तर त्याला काय म्हणावे?

प्रश्न

गाणे लिहून ठेवायला स्वरलिपी आहे. नाच लिहायला रुडॉल्फ लाबान यांनी 1928 मध्ये चिन्हपद्धती प्रसिद्ध केली. रंगासाठी मन्सेल यांची पद्धत आहे. छटा, उजळपणा आणि रंगाचा भरीवपणा एवढे तीन सांगितले की रंग न दाखवता कळतो. पण एखादी वस्तू पाहताच ती भारदस्त वाटते, दबलेली वाटते की उसळू पाहणारी वाटते, हे नोंदवायला विशेषणांशिवाय काही नाही, आणि विशेषणे ज्याची त्याची. म्हणून मी एक खूणपद्धत बसवते आहे. तिच्यासाठी 'भावांकन' हा शब्द सुचला आहे. चालेल का? आणि त्यातल्या मोजपट्ट्यांना नावे काय द्यावीत?

प्रतिसाद

'भावांकन' नको. अंकन म्हणजे खूण करणे हे खरे, पण मूल्यांकन, गुणांकन या शब्दांमुळे त्याला गुण देण्याचा वास लागला आहे. वस्तूला दहापैकी सात मिळाले असे वाटेल. शिवाय भाव वस्तूचा की बघणाऱ्याचा, तेही त्यातून कळत नाही. 'ठसा' हा शब्द फार नेमका आहे, पण 'ठसेलेखन' म्हटले की अंगठाच डोळ्यांपुढे येतो. कलाकृतीचा 'प्रत्यय येतो' असे आपण सहज म्हणतो. त्यात वस्तूही आहे आणि अनुभवणाराही. तेव्हा 'प्रत्ययलेखन'. व्याकरणातला प्रत्यय या जोडशब्दात आड येणार नाही.

प्रतिसाद

प्रत्ययलेखन छान आहे. मात्र खरी मेख पट्ट्यांत आहे. चार्ल्स ऑस्गुड आणि सहकाऱ्यांनी 1957 मध्ये शब्दांचा अर्थ मोजण्याची एक रीत मांडली. विरुद्ध विशेषणांची जोडी, मध्ये सात पायऱ्या, लोकांनी एक पायरी निवडायची. त्यातून तीन मुख्य दिशा निघाल्या: चांगले-वाईट, सबळ-दुबळे, चळवळे-निवांत. यातली पहिली तुम्ही सरळ काढून टाका. 'सुंदर' आणि 'कुरूप' हे निकाल आहेत, त्यांनी वस्तूचे वर्णन होत नाही.

विशेषणेही पारखून घ्यावी लागतील. चकचकीत, झगझगीत, भगभगीत या एकाच पट्टीवरच्या चढत्या पायऱ्या वाटतात, पण तसे नाही. चकचकीत हा शब्द पृष्ठभागाविषयी बोलतो: तो घासलेला, पुसलेला आहे. झगझगीत प्रकाशाविषयी बोलतो. भगभगीत म्हटले की बोलणाऱ्याच्या डोळ्यांना त्रास सुरू झालेला असतो. असे तीन वेगळे साक्षीदार एका पट्टीवर उभे केले तर नोंद बिघडणारच.

मूळ प्रश्नकर्ती

हे फार उपयोगी आहे. सध्या मी भार, ताण, कड (गोलसर की टोकदार) आणि चाल (स्थिर की हलू पाहणारी) अशा चार पट्ट्या धरल्या आहेत, प्रत्येकी शून्य ते तीन. एकाच उंचीच्या दोन खुर्च्या घेतल्या. पहिलीचे पाय खाली निमुळते होत बाहेर फाकलेले, पाठ मागे कललेली. दुसरीचे पाय चौकोनी, वरपासून खालपर्यंत सारखे जाड, पाठ काटकोनात. पहिलीची नोंद भा1 ता2 क1 चा2, दुसरीची भा3 ता0 क3 चा0. पहिली आता उठेल असे वाटते आणि दुसरी हलणार नाही असे वाटते, हा फरक आकड्यांत उतरला. पण ताण 2 म्हणजे नेमका किती, हे दुसऱ्याला कसे सांगायचे?

प्रतिसाद

विशेषणाने सांगूच नका, नमुन्याने सांगा. वाऱ्याची ब्यूफोर्ट मापनश्रेणी बघा. 1805 च्या सुमारास ती तयार झाली तेव्हा ती वाऱ्याचा वेग सांगत नव्हती, त्या वाऱ्यात जहाजाच्या शिडांचे काय होते ते सांगत होती. पुढे जमिनीसाठी तिची वर्णने झाली: शून्यावर धूर सरळ वर जातो, दोनवर पाने सळसळतात, सहावर छत्री सांभाळणे जड जाते. 'मंद' आणि 'जोरदार' यांवरून भांडण होईल, छत्रीवरून होणार नाही. मोस यांची खनिजांसाठीची 1812 ची काठिण्यश्रेणीही अशीच, एकावर शंखजिरे आणि दहावर हिरा.

माणसांचे एकमत होईल का, ही शंका असेल तर कड या पट्टीपुरती ती सोडा. वोल्फगांग कोहलर यांनी 1929 मध्ये एक गोलसर आणि एक टोकदार आकृती दाखवून दोन निरर्थक शब्दांपैकी कुठला कोणाचा असे विचारले. 'ताकेते' हा शब्द बहुतेकांनी टोकदार आकृतीलाच दिला.

प्रतिसाद

एक भर घालतो. गाणे लिहिण्याच्या भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब आणि ताराला वर टिंब. एवढ्या थोड्या खुणांवर बंदिशी टिकल्या. गायकी मात्र त्यात येत नाही, आणि ती यावी असा त्या लेखनाचा हट्टही नाही. प्रत्ययलेखनानेही सगळे पकडू पाहू नये. पाचवी पट्टी जोडण्याआधी चार चांगल्या चालू द्या.

मूळ प्रश्नकर्ती

ताणाचे नमुने असे ठरवते: शून्य म्हणजे जमिनीवर पडलेला सपाट दगड, एक म्हणजे पुढे झुकलेला खांब, दोन म्हणजे वाकवून धरलेली काठी, तीन म्हणजे पूर्ण ओढलेले धनुष्य. नोंदीपुढे बघणाऱ्याचे आद्याक्षरही लिहीन, म्हणजे दोघांच्या नोंदी शेजारी ठेवता येतील. भाराचे नमुने अजून जुळत नाहीत, कारण मोठे आणि जड यांची सरमिसळ होते. आकाराने लहान पण जड वाटणारी आणि मोठी असून हलकी वाटणारी, अशा रोजच्या ओळखीच्या वस्तू कोणी सुचवेल का?