इंदूरमध्ये छोट्या आर्किटेक्ट ऑफिसात पहिली नोकरी, घेऊ का?

राजेंद्रनगरची
नमस्कार सगळ्यांना. यंदाच बी.आर्क. झालं, काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या रजिस्ट्रेशनचा फॉर्म भरलाय, नंबर अजून यायचाय. दोन ठिकाणांहून होकार आलाय आणि आठवडाभर झोप नाही. एक पुण्याचं मोठं ऑफिस, नव्वदेक माणसं, पगार 32,000. दुसरं इथलंच, पलासियाकडे एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर, सर धरून सहा जण, पगार 18,000. पुण्यातल्यांनी इंटरव्ह्यूमध्येच सांगितलं की पहिलं वर्षभर टॉवरच्या टॉयलेटचे डिटेल आणि दार-खिडक्यांचे शेड्यूल एवढंच काम असेल, आणि इथले सर म्हणाले दुसऱ्या आठवड्यापासून साइटवर जायचं. बाबा म्हणतात पहिली नोकरी नाव असलेल्या ठिकाणी कर, आई म्हणते घरी राहिलीस तर भाडं आणि डबा दोन्ही वाचेल, मग पगारात फरक तो काय राहिला. दोघांचंही पटतं म्हणून जास्त त्रास होतोय. ट्रेनिंग मी मोठ्या ऑफिसात केली त्यामुळे छोट्या ऑफिसात रोज नक्की काय चालतं ते बघितलेलंच नाही. कोणी केलं असेल तर प्लीज खरं खरं सांगा.

काळीमाती
अगं मी चार वर्षं अशाच ऑफिसात आहे, आम्ही पाच जण. सकाळी नऊला साइट, अकराला ऑफिस, दुपारी क्लायंटला थ्रीडी, मधेच नगर निगममधून फोन की एमओएस (प्लॉटच्या कडेने सोडायची मोकळी जागा) दोन इंच कमी दिसतोय, नकाशा सुधारून टाका. रोज असंच असतं आणि मला ते आवडतं. पण एक संध्याकाळ सांगते, त्यावरून तुला जास्त कळेल.

गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर निपानियाकडे एक घर चालू होतं, 30 बाय 50 चा प्लॉट. क्लायंटच्या सासऱ्यांनी वास्तूवाल्याला दाखवलं आणि पहिल्या मजल्यावरचं ईशान्येचं टॉयलेट वायव्येला गेलं. मी प्लॅन बदलला, क्लायंटला पाठवला, त्यांनी हो म्हटलं, आणि स्ट्रक्चरवाल्यांना पाठवायचा राहून गेला. स्लॅब भरायच्या आदल्या संध्याकाळी मी सरिया, म्हणजे स्लॅबच्या लोखंडी सळ्या, चेक करायला गेले. सळ्यांखाली 20 एमएमचे कव्हर ब्लॉक नीट लागलेत का ते वाकून बघत बघत पुढे सरकतेय, तर वायव्येच्या कोपऱ्यात सेंटरिंग (स्लॅबखालचा साचा) सपाट. टॉयलेटचा संक, म्हणजे पाइपांसाठी खाली घेतलेला स्लॅबचा भाग, तिकडे ईशान्येला, फूटभर खाली उतरवून, सरिया बांधून एकदम तयार. मिस्त्रीला विचारलं तर त्याने शर्टाच्या खिशातून घडी घातलेली प्रिंट काढली, घडीवर घामाने शाई पुसलेली, पण कोपऱ्यात आर-2, म्हणजे रिव्हिजन दोन, स्पष्ट वाचता येत होतं. माझ्या हातात आर-3. "मैडम, हमको तो यही मिला था," म्हणाला. त्याचं काही चुकलंच नव्हतं गं.

सर साडेआठला आले. ओरडले नाहीत. मोबाइलच्या उजेडात दोन्ही प्रिंटा शेजारी शेजारी धरून बघितल्या, स्ट्रक्चरवाल्यांना तिथूनच फोन लावला आणि स्लॅब दोन दिवस पुढे ढकलला. मिक्सर आणि लेबर आधीच बोलावलेले, ठेकेदार खूप चिडला, तो खर्च सरांनी स्वतः भरला. दुसऱ्या दिवशी मला एक रजिस्टर आणून दिलं, कुठली ड्रॉइंग कुणाला कधी गेली ते लिहायला, आणि माझी प्रत्येक शीट लाल पेनाने बघायला लागले, आजही बघतात. मोठ्या ऑफिसात ही चूक कदाचित चेकिंगमध्येच सापडली असती, पण तो सपाट कोपरा माझ्या डोळ्यासमोरून अजून जात नाही, आणि त्या दिवसापासून मी प्लॅन काढताना खालचं सेंटरिंग बघायला शिकले.

टीस्केल
वरच्या ताईंना चांगले सर मिळाले. माझा अनुभव वेगळा आहे म्हणून लिहितोय, नाव घेणार नाही. दीड वर्ष एका चार जणांच्या ऑफिसात होतो. अपॉइंटमेंट लेटर नाही, पगार कधी 20 तारखेला, कधी पुढच्या महिन्यात. ते मी सोसलं असतं. पण माझं ड्रॉइंग कोणी बघतच नव्हतं. सर कायम बाहेरगावी, मी पीडीएफ काढायची आणि व्हॉट्सॲपवर थेट ठेकेदाराला.

एका घराचा जिना मी काढला, दहा फुटांत साडेसात इंचाचे सोळा चढ. नंतर क्लायंटला फॉल्स सीलिंग हवं झालं, हाइट साडेदहा फूट केली, मी सेक्शनमध्ये हाइट बदलली आणि चढ सोळाच राहिले. प्रत्येक पायरी जवळपास आठ इंचांची झाली. घराच्या जिन्याला नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये 190 एमएमची मर्यादा आहे, म्हणजे साडेसातच, हे मी परीक्षेत लिहून आलो होतो. वास्तुशांतीला गेलो तेव्हा त्या घरातल्या आजी मधल्या लँडिंगवर बसलेल्या, गुडघ्यावर हात ठेवून, म्हणाल्या जिना जरा उंच झालाय का रे? मला उत्तर देता आलं नाही. मी बावीस वर्षांचा होतो, मला कोणीतरी तपासायला हवं होतं.

म्हणून पगाराच्या आधी हे विचार, की माझं ड्रॉइंग साइटवर जायच्या आधी कोण बघणार?

रामबागचे काका
टीस्केल, वाचून वाईट वाटलं. ती चूक तुझ्या सरांची होती बेटा, सही ज्याची त्याची.

मी एकवीस वर्षं छोटं ऑफिस चालवतोय. फी आम्हाला टप्प्याटप्प्याने मिळते, कन्सेप्ट, नकाशा पास, वर्किंग ड्रॉइंग, मग प्रत्येक स्लॅब. स्लॅब भरला की क्लायंटचा पैसा सरिया-सिमेंटला जातो, नंतर टाइल्सला, आणि आर्किटेक्टला "काका, पुढच्या महिन्यात." हे खरं असलं तरी त्याचा भार पोरांवर टाकायचा नसतो. तीन महिन्यांचे पगार बाजूला ठेवल्याशिवाय मी नवा माणूस घेत नाही, तूही त्यांना मोकळेपणाने विचार, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

शिकायला काय मिळतं म्हणशील तर आपली माळव्याची काळी माती बघ. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात, तिच्यावर फाउंडेशन टेकवलं की भिंती तडकल्याच. खड्ड्यात उतरून मुरूम कुठे लागतो ते हाताने उकरून बघावं लागतं, पुण्यात बसून टॉयलेटचे डिटेल काढताना हे कोण दाखवणार? आणि एक रविवार अरण्यला जा. बाळकृष्ण दोशींनी आखलेली वसाहत, 1995 चा आगा खान पुरस्कार मिळालेली, आपल्याच इंदूरची. साडेसहा हजारांच्या आसपास प्लॉट, बऱ्याच लोकांना फक्त जोतं आणि टॉयलेट-पाण्याची सोय दिली, वरचं घर ज्याने त्याने पैसे जमतील तसं वाढवलं. छोट्या ऑफिसात येणारं कामही बरंचसं असंच असतं, मुलाचं लग्न ठरलं, वर एक खोली काढायचीय. तशी घरं वाढताना बघायला मला आजही फार आवडतं.

आणि हो, नंबर येईपर्यंत नावापुढे आर्किटेक्ट लिहू नकोस, 1972 च्या आर्किटेक्ट्स ॲक्टमध्ये ते बसत नाही.

राजेंद्रनगरची
काका, ताई, टीस्केल दादा, मनापासून थँक्यू. काल परत ऑफिसात गेले आणि सरळ विचारलं. सर काही बोलले नाहीत, टेबलावरची एक शीट पुढे केली, दोन वर्षं तिथे असलेल्या मुलीची होती, लाल पेनाने सतरा गोल, आणि एका गोलाशेजारी लिहिलेलं "इथे पाणी कुठे जाईल?" पगार 7 तारखेला होतो असं ती मुलगी स्वतः म्हणाली, लेटरही मिळालं. बाबांना शीटचं सांगितलं, ते गप्प बसले आणि मग म्हणाले जा. सोमवारपासून जातेय. काळीमाती ताई, त्या रजिस्टरमध्ये काय काय लिहितेस ते सांगशील?

काळीमाती
तारीख, ड्रॉइंग नंबर, रिव्हिजन, कुणाला दिली, आणि जुनी परत घेतली का. शेवटचा रकाना सोडू नकोस, साइटवर जाऊन जुनी प्रिंट मिस्त्रीच्या खिशातून स्वतः काढून आण.