मदत हवी आहे: आईचा गुडघ्याचा स्प्रे विमानात कसा न्यायचा?

आई पुढच्या आठवड्यात पहिल्यांदाच एकटी विमानाने चाललीये, ताईकडे दुबईला, लोहगाववरून डायरेक्ट फ्लाइट आहे. तिला गुडघ्यासाठी पेन रिलीफ स्प्रे लागतोच लागतो आणि सोबत १५० एमएलचा डिओ पण आहे. हँडबॅगेत १०० एमएलच्या वरची बाटली चालत नाही, आत थोडंसंच उरलेलं असलं तरी बाटलीवर छापलेला आकडाच बघतात, त्यामुळे डिओ चेक-इनमध्येच टाकणार. तिथे एक कॅन ५०० एमएलपर्यंत आणि सगळे मिळून २ लिटर चालतात, तेवढं माहितीये.

प्रश्न स्प्रेचा आहे. त्याचं झाकण मधोमध तडकलंय, लावलं तरी निसटतं आणि नोझल उघडंच राहतं. सामानाच्या दाबाने ते दाबलं गेलं तर सगळ्या साड्यांना वास लागेल, शिवाय नोझल झाकलेलं असावं असा नियमच आहे. नुसती चिकटपट्टी लावलेली चालते का, की सरळ नवीन ५५ ग्रॅमवाला घेऊन हँडबॅगेत पारदर्शक पिशवीत द्यावा? कोणी पुण्यावरून हल्ली असा नेलाय का? चेकिंगला कोणी अडवलं तर ती एकटी गोंधळून जाईल हो, म्हणून विचारतेय. प्लीज सांगा.