८ कॅमेरे असूनही चोराचा चेहरा ओळखता येत नाही. आणखी ८ बसवावेत का?

इमारत_समिती
आवारातून दोन सायकली चोरीला गेल्या. ८ कॅमेरे आहेत, सगळे २ मेगापिक्सेलचे, २.८ मिमी लेन्सचे, जवळपास ४ मीटर उंचीवर लावलेले. मुख्य दरवाजा त्याच्या कॅमेऱ्यापासून ८ मीटरवर आहे. रात्रीच्या चित्रणात माणूस येताना-जाताना दिसतो, पण चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरट डाग. डिस्क २ टीबीची आहे आणि आठवड्यापूर्वीचं काहीही शिल्लक नाही. आणखी ८ कॅमेरे घ्यावेत असा समितीत सूर आहे. त्याने फरक पडेल का?

लेन्स_आणि_उजेड
नाही पडणार. तसेच आणखी ८ लावलेत तर तसेच आणखी ८ डाग मिळतील.

आधी प्रत्येक कॅमेऱ्याकडून नेमकं काय हवंय ते ठरवा. आयईसी ६२६७६-४ या सुरक्षा कॅमेऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत त्याची मोजपट्टी दिली होती: दृश्याच्या एका मीटर रुंदीवर किती पिक्सेल येतात. कोणीतरी आहे एवढंच कळायला २५, ओळखीचा माणूस ओळखायला १२५, अनोळखी माणसाची ओळख पटवायला २५०. २ मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल. म्हणजे २५० हवे असतील तर दृश्य ७.७ मीटरपेक्षा रुंद असून चालणार नाही. तुमच्या २.८ मिमी लेन्सचा कोन सुमारे १०० अंश धरला, तर ८ मीटरवर ती १९ मीटर रुंदी पकडते. मीटरला जेमतेम १०० पिक्सेल. या लेन्सने चेहरा हवा असेल तर माणूस सव्वातीन मीटरच्या आत यायला हवा. त्याच जागी ८ मिमी लेन्स लावा (कोन साधारण ४० अंश): दृश्य ५.८ मीटरचं होतं आणि मीटरला ३३० पिक्सेल मिळतात. दरवाजा तेवढ्यात सहज मावतो.

"४ मेगापिक्सेलचा घ्या" असा सल्ला मिळेल. त्याची रुंदी २५६० पिक्सेल, म्हणजे फायदा दुप्पट नाही, फक्त एक तृतीयांश. लेन्स बदलल्याने तिपटीहून जास्त फरक पडतो.

उंचीही चुकली आहे. कॅमेरा ४ मीटरवर असेल तर ४ मीटर अंतरावरच्या चेहऱ्याकडे तो ३० अंशांनी खाली बघतो. टोपी घातली की संपलं. ओळखीसाठीचा कॅमेरा अडीच मीटरच्या आसपास, आत येणाऱ्याच्या समोर आणि हाताला लागणार नाही असा हवा. बाकीचे उंचावरच राहू देत, त्यांचं काम वेगळं आहे.

रात्रीच्या डागामागे बहुधा दोन कारणं असतील. एक, जवळून पडणाऱ्या इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाच्या) दिव्याने चेहरा पांढराफटक होतो. दुसरं, शटर, म्हणजे एका चित्रासाठी कॅमेरा किती वेळ उजेड घेतो ते. अंधारात कॅमेरा आपोआप १/२५ सेकंदावर जातो. चालणारा माणूस तेवढ्यात साडेपाच सेंटिमीटर पुढे सरकतो, म्हणजे मीटरला २५० पिक्सेलच्या चित्रात १४ पिक्सेलचा फराटा. शटर १/१०० वर बांधून टाका, फराटा साडेतीन पिक्सेलवर येईल. पण मग उजेड लागतो. दरवाजावर रात्रभर पांढरा दिवा ठेवा, झोत कॅमेऱ्याच्या दिशेने नको. कपड्यांचा खरा रंगही त्यामुळेच मिळतो. इन्फ्रारेडखाली काळं जॅकेट कित्येकदा पांढरट दिसतं आणि पोलिसांना दिलेलं वर्णनच चुकतं. दिवसा आत येणाऱ्याच्या पाठीमागे ऊन असेल तर डब्ल्यूडीआर (उजळ आणि अंधारा भाग दोन्ही नीट दाखवणारी सोय) चालू करा. कोळ्याची जाळी आणि काचेवरची धूळ महिन्यातून एकदा पुसाच.

साठवण_हिशेब
डिस्कचं गणित सोपं आहे. कॅमेरा ४ मेगाबिट प्रति सेकंद लिहीत असेल तर दिवसाला ४३ जीबी होतात. आठांचे ३४५ जीबी. २ टीबी सहाव्या दिवशी भरते आणि जुन्यावर नवं लिहिलं जातं. ३० दिवस ठेवायचे तर साडेदहा टीबी लागतील. एच.२६५ (चित्रण कमी जागेत साठवण्याची पद्धत) वापरून आणि सेकंदाला फ्रेम २५ वरून १५ वर आणून हे निम्म्याच्या आसपास येतं. मात्र ओळखीच्या कॅमेऱ्याचा बिटरेट (सेकंदाला किती मेगाबिट लिहायचे तो आकडा) कापू नका. कापायचा तर जिन्यातल्या आणि गच्चीवरच्या कॅमेऱ्यांचा. डिस्क सतत लेखनासाठी बनवलेलीच घ्या.

पुरावा_कक्ष
घटना कळल्यावर काय करायचं तेही लिहून रेकॉर्डरशेजारी चिकटवा, कारण बहुतेक पुरावा इथेच हातचा जातो. आधी त्या वेळेचं चित्रण लॉक करा किंवा लगेच उतरवून घ्या. रेकॉर्डरचं घड्याळ चुकलेलं दिसलं तरी तेव्हा दुरुस्त करू नका. पडद्यावरची वेळ आणि अचूक वेळ एकाच फोटोत घ्या, फरक लिहा. रोज २ सेकंदांची चूक महिन्यात मिनिटावर जाते आणि मग दोन कॅमेऱ्यांचा क्रम जुळत नाही. नंतर एनटीपी (इंटरनेटवरून घड्याळ आपोआप जुळवणारी सोय) चालू करून टाका. पडद्याचं मोबाइलवर केलेलं शूटिंग पुरावा म्हणून फार कमकुवत ठरतं. मूळ स्वरूपातली फाइल, तिचा प्लेअर, दोन प्रती, एसएचए-२५६ हॅश (फाइलमध्ये बदल झाला तर बदलणारा तिचा अंकी ठसा), आणि कोणी कधी उतरवली याची नोंद. घटनेच्या आधीचा आणि नंतरचा अर्धा-अर्धा तासही घ्या, टेहळणी करणारा त्यातच सापडतो.

आणि चोरी थांबवण्याची अपेक्षा कॅमेऱ्याकडून बेताचीच ठेवा. ४० वर्षांतल्या अभ्यासांचा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला आढावा सांगतो की सीसीटीव्हीने गुन्हे सरासरी १३ टक्क्यांनी घटले. वाहनतळांवर परिणाम ठळक, हिंसक गुन्ह्यांवर नाही, आणि कोणी सक्रियपणे पाहत असेल तिथे जास्त. सायकलींसाठी जमिनीत पक्का बसवलेला लोखंडी स्टँड, चौकट आणि चाक दोन्ही अडकतील असं कुलूप, दिव्याखालची जागा. पैसा आधी तिथे घाला.

इमारत_समिती
म्हणजे नवे ८ नकोत. दरवाजाची लेन्स, दिवा, डिस्क आणि स्टँड. एक कॅमेरा शेजारच्या घराच्या दारावरही येतो, त्याचं काय?

लेन्स_आणि_उजेड
रेकॉर्डरमध्ये प्रायव्हसी मास्क (चित्राचा ठरावीक भाग काळा करणारी सोय) असतो, तेवढा भाग झाका. रेकॉर्डरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड आजच बदला, चित्रण पाहण्याचा अधिकार दोघांनाच द्या. आणि लेन्स बदलल्यावर रात्री, दिवा लावून, अनोळखी माणसाला नेहमीच्या चालीने दरवाजातून आत यायला सांगा. त्याला कधीही न पाहिलेल्या सदस्याने चित्रण पाहून चार-पाच जणांतून त्याला अचूक निवडलं, तरच काम झालं असं समजून बिल द्या.