सीसीएनएच्या प्रात्यक्षिक प्रश्नांचा सराव कसा करावा?

विश्रामबागकर, सांगली

नमस्कार. मी कुपवाड एमआयडीसीतील एका कारखान्याच्या संगणक विभागात काम करतो आणि गेले पाच महिने सिस्कोच्या सीसीएनए या नेटवर्किंगच्या परीक्षेची तयारी करतो आहे. व्हिडिओ दोनदा पाहून झाले, वहीही भरली. परंतु पॅकेट ट्रेसरमध्ये (पडद्यावरच नेटवर्क उभारून पाहण्याचे सॉफ्टवेअर) कोरा राउटर समोर आला की पहिली कमांड कोणती द्यावी हेच सुचत नाही. घरी पोहोचेपर्यंत रात्रीचे आठ वाजतात, त्यामुळे अभ्यासाला जेमतेम दीड तास मिळतो. हा वेळ कसा वापरावा, आणि सरावासाठी जुने राउटर व स्विच विकत घेणे आवश्यक आहे का?

सातारकर

उपकरणांवर पैसे घालू नका. सिस्को नेटवर्किंग अकॅडमीत नाव नोंदवल्यावर पॅकेट ट्रेसर विनामूल्य मिळतो आणि सीसीएनएच्या बहुतेक सरावाला तो पुरतो. मीही आधी दुसऱ्याने अर्धवट जोडून ठेवलेल्या तयार फाइलींवरच सराव करत असे, त्यामुळे माझीही अवस्था आपल्यासारखीच होती.

एकच छोटी टोपोलॉजी, म्हणजे उपकरणांची जोडणी, ठरवा: एक राउटर, दोन स्विच, चार संगणक. त्यावर दोन व्हीलॅन (त्याच स्विचांवर वेगळी ठेवलेली नेटवर्क), स्विचांमधील ट्रंक (अनेक व्हीलॅन वाहून नेणारी जोडणी), राउटरवरील सबइंटरफेस (एका इंटरफेसचे व्हीलॅननिहाय भाग), डीएचसीपी (पत्ते आपोआप वाटणारी सेवा) आणि एसएसएच (दुरून सुरक्षित प्रवेश) इतके सगळे वही न पाहता उभे करा, आणि दुसऱ्या दिवशी ती फाइल न उघडता पुन्हा कोऱ्या पडद्यापासून सुरुवात करा. मला पहिल्या दिवशी सव्वा तास लागला होता. तिसऱ्या आठवड्यात तेच काम वीस मिनिटांत होऊ लागले. तेवढा हात बसल्यावरच दुसरा राउटर आणि ओएसपीएफ (राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवण्याची पद्धत) जोडा.

त्यानंतर चालू असलेले नेटवर्क मुद्दाम बिघडवून दुरुस्त करण्याचा सराव करा, कारण माझ्या मते खरे शिक्षण तिथेच होते. एकदा माझ्या ट्रंकवर व्हीलॅन १० आणि २० चालू होते आणि मला ३० वाढवायचा होता. मी ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०’ असे लिहिले आणि दोन्ही जुन्या व्हीलॅनचा संपर्क तुटला. अर्धा तास मी आयपी पत्ते तपासत बसलो. शेवटी ‘शो इंटरफेसेस ट्रंक’ दिल्यावर यादीत एकटा ३० दिसला: ‘ॲड’ हा शब्द राहिल्यामुळे जुनी यादी पुसून तिथे नवी बसली होती. हीच कमांड मी व्हिडिओत किमान तीनदा पाहिली होती.

मिरजकर

वरील मताशी मी पूर्ण सहमत आहे. वेळेची विभागणी करताना एवढे ध्यानात घ्यावे की अभ्यासक्रमात सर्वाधिक म्हणजे २५ टक्के भार आयपी कनेक्टिव्हिटीला, म्हणजे नेटवर्कांमधील मार्ग ठरवण्याच्या भागाला आहे. म्हणून राउटिंग टेबल वाचणे, स्टॅटिक रूट (हाताने लिहिलेला मार्ग) आणि ओएसपीएफ यांना आठवड्यातील निदान दोन दिवस द्यावेत. इथरनेटवर ओएसपीएफचा हॅलो (शेजारच्या राउटरला जाणारा संदेश) दर १० सेकंदांनी जातो आणि डेड टायमर (हॅलो न आल्यास शेजार तुटला असे मानण्याची मुदत) ४० सेकंदांचा असतो; एका राउटरवर हॅलोचा आकडा बदलून पाहा, शेजार कसा तुटतो ते चाळीस सेकंदांत डोळ्यांसमोर दिसेल. एरिया क्रमांक आणि सबनेट मास्क चुकवूनही हाच प्रयोग करावा.

सबनेटिंगसाठी, म्हणजे नेटवर्कचे लहान भाग पाडण्याच्या गणितासाठी, मात्र संगणकाची गरज नाही. मी सांगली-मिरज बसमध्ये मनातल्या मनात गणिते करत असे. १९२.१६८.१०.७७ हा पत्ता आणि मास्क /२७ असेल, तर ३२-३२ च्या टप्प्यांत नेटवर्क ६४ वर सुरू होते, ब्रॉडकास्ट (सर्वांना उद्देशून असलेला पत्ता) ९५ वर येतो आणि ६५ ते ९४ हे पत्ते वापरता येतात. हे उत्तर दहा सेकंदांत यायला हवे, कारण परीक्षा १२० मिनिटांची असते आणि एकदा पुढे गेल्यावर मागच्या प्रश्नाकडे परत येता येत नाही. सबनेटिंगमध्ये वाचवलेली मिनिटेच प्रात्यक्षिक प्रश्नांना मिळतात.

विश्रामबागकर, सांगली

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री वही बंद करून टोपोलॉजी उभी केली. दीड तास पूर्ण गेला. संगणकांना १६९.२५४ ने सुरू होणारे पत्ते (डीएचसीपीकडून पत्ता न मिळाल्यास संगणक स्वतःच घेतो ते) येत होते, म्हणून मी डीएचसीपी पूल (वाटायच्या पत्त्यांचा साठा) तीन वेळा पुसून लिहिला. प्रत्यक्षात सबइंटरफेस सगळे बरोबर होते, पण राउटरच्या मूळ इंटरफेसवर ‘नो शटडाउन’ (इंटरफेस चालू करण्याची कमांड) द्यायचेच राहिले होते. एक शंका उरली आहे: प्रात्यक्षिक प्रश्नात शेवटी कॉन्फिगरेशन सेव्ह करावे लागते का?

सातारकर

प्रश्नात तशी सूचना असेल तर अवश्य करावे लागते, म्हणून सूचना शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. रोजच्या सरावातही प्रत्येक उपकरणावर ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ देऊनच उठत जा. आणि पत्ता १६९.२५४ चा आला, की पूलला हात लावण्यापूर्वी कोणते इंटरफेस चालू आहेत हे ‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’ देऊन पाहावे.